जुन्या नोकियातला एफएम ट्रान्समीटर: गाडीच्या रेडिओवर गाणी खरखरीशिवाय कशी ऐकायची

कपाटाच्या खणात पडलेला नोकियाचा एन८ किंवा एन९०० अजून चालू होत असेल आणि गाडीतल्या स्टिरिओला ब्लूटूथ नसेल, ऑक्सही (वायरनं फोन जोडायची खाच) नसेल, तर त्या फोनचं एक काम अजून शिल्लक आहे. फोनमधली गाणी तो एफएम लहरींवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ती एखादं केंद्र लागावं तशी पकडतो. वायर नको, जोडाजोडी नको. तक्रार येते ती खरखरीची. गाणं नीट चाललेलं असतं, गाडी सिग्नलला थांबते आणि मध्येच कुठला तरी आरजे बोलायला लागतो.

इथे नवखा माणूस हमखास विचारतो, "ट्रान्समीटरची पॉवर कशी वाढवायची?" पॉवर वाढवून फारसं काही हाती लागत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आहे त्याच पॉवरमध्ये आवाज स्वच्छ येऊ शकतो. त्यासाठी निवडलेली फ्रिक्वेन्सी खरोखर रिकामी हवी आणि फोन गाडीच्या अँटेनाजवळ हवा. बाकीचे उपाय याच्या खालोखाल.

१. फोनमध्ये ट्रान्समीटर आहे ना, ते आधी बघा

बऱ्याच फोनमध्ये एफएम रेडिओ असतो. तो रिसीव्हर झाला, तो फक्त ऐकतो. ट्रान्समीटर ही वेगळी सोय आहे आणि ती फार थोड्या फोनना मिळाली. नोकियानं २००८ मध्ये एन७८ मध्ये ती दिली. त्यानंतर एन७९, एन८५, एन८६, एन९७, एन९००, एन८, सी७ असं करत २०१२ च्या ८०८ प्युअरव्ह्यूपर्यंत ती टिकली. मेनूमध्ये किंवा सेटिंगमध्ये 'एफएम ट्रान्समीटर' असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं तरच तो आहे. आत चिपच नसेल तर प्ले स्टोअरवरचं कुठलंही अ‍ॅप साध्या फोनचा ट्रान्समीटर करू शकत नाही, मग नाव काहीही असो.

ट्रान्समीटर सुरू करण्याआधी हेडफोन काढा. एन९०० ला यूएसबी केबल लावलेली असेल तर तीही काढा, नाहीतर तो सुरूच होत नाही. म्हणजे गाडीत बसण्याआधी बॅटरी भरलेली हवी. फोनचा स्वतःचा एफएम रेडिओ चालू असेल तर तो बंद करा, दोन्ही एका वेळी चालत नाहीत. काही मिनिटं काहीच वाजलं नाही तर ट्रान्समीटर आपोआप बंद होतो. पेट्रोल भरून परत आल्यावर नुसती 'सूंऽऽ' ऐकू आली तर आधी हे तपासा.

२. अंतराचा हिशेब समजून घ्या

नोकियाच्या पुस्तिकेत पल्ला जास्तीत जास्त दोन मीटर दिलेला आहे. हा फोनचा दोष नाही, मुद्दाम घातलेली मर्यादा आहे. युरोपात असल्या छोट्या ट्रान्समीटरना ५० नॅनोवॅटपर्यंत मुभा आहे. ब्रिटनमध्ये तर डिसेंबर २००६ पर्यंत तेही बेकायदा होतं. समोर दहा किलोवॅटचं केंद्र धरलं, तर ते फोनच्या दोनशे अब्जपट ताकदीचं झालं. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणाच्या कानात काही सांगायचं तर तोंड कानाला लावावं लागतं, तसाच हा प्रकार.

फोनचा आकारही आड येतो. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी तीन मीटर भरते, म्हणजे साधी पाव-लांबीची अँटेनासुद्धा ७५ सेंटिमीटरची हवी. फोनची लांबी अकरा-बारा सेंटिमीटर. त्यात जी काही तार बसवलेली असते ती जेमतेम काम करते.

आता फायद्याचा भाग. अंतर निम्मं केलं की पोचणारी ताकद चौपट होते, आणि अर्ध्या मीटरच्या आत आलात तर त्याहूनही झपाट्यानं वाढते. म्हणून फोन डॅशबोर्डवरून उचलून अँटेनाजवळ नेला तर जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही सॉफ्टवेअरनं पडत नाही.

३. रिकामी जागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाडी उभी असताना, ट्रान्समीटर बंद ठेवून हे करायचं.

स्टिरिओवर आधी ऑटो सीक (आपोआप पुढचं केंद्र शोधणारं बटण) दाबत जा आणि तो जिथे जिथे थांबतो ते आकडे कागदावर लिहा. ही झाली जोरकस केंद्रांची यादी. पण ज्या ठिकाणी सीक थांबत नाही ती रिकामीच आहे असं समजू नका. सीक फक्त दणकट सिग्नलवर थांबतो, आणि तुमच्या फोनला तर अशक्त केंद्रही पुरून उरतं. तेव्हा दुसरी फेरी हातानं, एकेका टप्प्यानं मारायची. आवाज बराच वाढवा आणि कान लावून ऐका. रिकाम्या जागी एकसारखी, जाडसर 'सूंऽऽ' येते. त्या सुरात मध्येच बोलण्याचा आभास, तालाचे ठोके किंवा चिरकी शिट्टी आली तर ती जागा सोडा. 'सूं' एकदम मंद झाली आणि रेडिओ गप्प झाल्यासारखा वाटला तरी सोडा. तिथे कुणाचा तरी सिग्नल आहे, त्या क्षणी फक्त कुणी बोलत नाहीये.

चांगली जागा सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना ०.२ मेगाहर्ट्झवर काय आहे ते ऐका. शेजारी दणकट केंद्र असेल तर त्याचा ओघळ तुमच्या जागेवर येतो. ०.४ पर्यंत मोकळं मिळालं तर उत्तमच.

गावागावांत हे बदलतं, आणि घोळ इथेच होतो. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे ९१.१, ९३.५, ९४.३ आणि ९८.३ वर केंद्रं आहेत, त्यामुळे हे आकडे कुणी निवडत नाही. बिग एफएमचं मात्र तसं नाही. मुंबईत ते ९२.७ वर आहे, पुण्यात ९५.० वर. पुण्यात बसून तुम्ही ९२.७ निवडलीत तर कोथरूडला छान वाजेल, घाट उतरताना आरजे डोकावायला लागेल आणि पुढे मुंबईत शिरताना तुमचं गाणं पार बुडेल. उलट दिशेनं ९५.० चं तेच. तेव्हा नेहमीचा प्रवास दोन शहरांत असेल तर दोन्हीकडे यादी करा आणि दोन्हीत नसलेला आकडा निवडा. घाटात दोन्ही बाजूंची केंद्रं थोडी थोडी ऐकू येतात, तिथे दोन मिनिटं थांबून केलेली तपासणी घरासमोरच्या तपासणीपेक्षा कामाची. थांबताना अर्थात फूड मॉलच्या पार्किंगमध्ये थांबा, रस्त्याच्या कडेला नको.

कम्युनिटी रेडिओवरही लक्ष असू द्या. महाविद्यालयांची आणि संस्थांची ही छोटी केंद्रं बऱ्याचदा ९०.४, ९०.८, १०७.८ अशा टोकांना असतात आणि काही किलोमीटरपुरतीच ऐकू येतात. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. शहराच्या एका भागात मोकळी वाटलेली जागा दुसऱ्या भागात भरलेली निघते ती अनेकदा यांच्यामुळे.

आणखी एक अडचण स्टिरिओची. नोकियाचे हे फोन साधारण ८८.१ ते १०७.९ मध्ये चालतात. जपानहून आलेल्या जुन्या गाडीचा रेडिओ ७६ ते ९० एवढाच असतो, म्हणजे तुमच्या हाती ८८.१ ते ९० ची चिंचोळी पट्टी उरते. अमेरिकेसाठी बनवलेला सेट ८८.१, ८८.३, ८८.५ अशा विषम दशांशांवरच जातो. त्याला ९६.४ लागणारच नाही, ९६.३ किंवा ९६.५ निवडा. फोन आणि रेडिओवर आकडा तंतोतंत एक हवा. ०.१ चा फरक राहिला तरी आवाज येतो, पण फाटका येतो, आणि मग माणूस उगाच सिग्नलला दोष देत बसतो.

४. तो आरजे मध्येच का येतो

एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर तो ते मिसळून ऐकवत नाही. जो जोरकस, तो दुसऱ्याला जवळपास पूर्ण दाबतो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. दोघं बरोबरीचे असले की रेडिओ कधी याचा, कधी त्याचा होतो. इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे केंद्राची ताकद रस्त्यावर दर मीटर-दीड मीटरला कमीजास्त होते. म्हणूनच सिग्नलला गाडी थांबली की नेमक्या त्या जागी समोरचा वरचढ ठरतो, आणि दोन हात पुढे सरकलात की तुमचं गाणं परत येतं.

यातला चांगला भाग असा की तुम्हाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोडंसंच वरचढ व्हायचं आहे. तेवढं झालं की तो जवळजवळ नाहीसा होतो. आणि वरचढ व्हायला स्वतः मोठं व्हावंच लागतं असं नाही, समोरच्याला लहान केलं तरी चालतं.

५. अँटेना कुठे आहे ते बघा, मग फोनची जागा ठरवा

हॅचबॅक गाड्यांची अँटेना बहुधा छतावर, पुढे नाहीतर मागे असते. जुन्या गाड्यांना बाजूच्या खांबाला किंवा बॉनेटशेजारी ओढून लांब करायची काठी असते. काही मोठ्या गाड्यांत बाहेर काहीच दिसत नाही, मागच्या काचेवरच्या बारीक रेघांतच अँटेना असते. शंका असेल तर फोनवर गाणं लावून तो हातात घ्या आणि गाडीत हळूहळू सगळीकडे फिरवा. खरखर कुठे कमी होते ते कान सांगतील.

तपासायला गाणंही बघून निवडा. ढोलताशाच्या रेकॉर्डिंगवर खरखर लपून जाते. नुसतं बोलणं, कथाकथन किंवा संथ आलाप लावा, दोन वाक्यांमधल्या जागेत काय ऐकू येतं ते खरं.

छतावर मागे अँटेना असेल तर फोन मागच्या ट्रेवर किंवा मागच्या सीटच्या डोक्याशी ठेवा. काठी पुढच्या खांबाला असेल तर त्या बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात. काचेतून लहरी जातात, पत्र्यातून जात नाहीत. म्हणून ग्लव्ह बॉक्स, सीटखालची जागा आणि गियरशेजारचा कप्पा ही सोयीची पण वाईट ठिकाणं. फोन एकदा आडवा, एकदा उभा, एकदा पाव फेरा वळवून बघा. एवढ्यानंही फरक पडतो, कारण दोन्ही अँटेना एकाच दिशेला असल्या की पकड चांगली बसते. एन८ चं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, फक्त वरची-खालची टोकं प्लॅस्टिकची. ती टोकं झाकू नका. धातूचं कव्हर, लोहचुंबकाच्या स्टँडची पट्टी, भोवती गुंडाळलेली चार्जरची वायर, सगळं काढा. फोन हातात धरल्यावर आवाज सुधारतो आणि ठेवल्यावर बिघडतो, असंही होतं. तेव्हा जागा ठरवताना शेवटचा निर्णय फोन खाली ठेवून, हात दूर घेऊनच करा.

आता ओढून लांब करायच्या काठीची गंमत. बहुतेकांना वाटतं की ती पूर्ण बाहेर काढली की फायदा. केंद्र ऐकायचं असेल तर बरोबर. इथे उलट करून बघा, काठी पूर्ण आत ढकला. दूरच्या केंद्रांचा सिग्नल एकदम पडतो आणि जवळच असलेल्या फोनचा तेवढा पडत नाही. म्हणजे समोरचा लहान झाला. गर्दीच्या शहरात ही युक्ती पुष्कळदा चालते, मोकळ्या रस्त्यावर मात्र काठी बाहेर असलेलीच बरी. छतावरची काठी फिरवून निघणारी असेल तर काढून बघायला हरकत नाही, फक्त पावसाळ्यात ते उघडं भोक तसंच ठेवू नका.

घरच्या रेडिओचं सोपं आहे. टेलिस्कोपिक अँटेना आडवी करा आणि फोन तिच्या अगदी लगत ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर पाऊण मीटर प्लॅस्टिक आवरणाची साधी वायर घ्या, एक टोक अँटेनावर तीन-चार वेढे घालून गुंडाळा आणि उरलेल्या वायरवर फोन ठेवा. फोन उघडायचा नाही, त्यात काही खुपसायचं नाही. गाडीतही अशी एक सुटी वायर छताच्या कापडाखालून पुढून मागे नेऊन, तिच्या पुढच्या टोकाजवळ फोन ठेवून बघतात. थोडा उपयोग होतो, चमत्कार होत नाही.

६. स्टिरिओची बटणं

मोनोचं बटण असेल तर दाबा. स्टिरिओ एफएमला स्वच्छ ऐकू येण्यासाठी बराच जास्त सिग्नल लागतो. अशक्त सिग्नलवर मोनो केलं की खरखर वीसेक डेसिबलपर्यंत उतरू शकते. डावा-उजवा भेद जातो, पण टायरचा आणि हॉर्नचा आवाज असलेल्या गाडीत त्याचं दुःख कुणाला?

सेटला आरडीएस (केंद्राकडून गाण्यांसोबत येणारी माहिती वाचायची सोय) असेल तर त्यातलं 'एएफ' आणि वाहतुकीच्या सूचनांसाठीचं 'टीए' बंद करा. एएफचं कामच मुळी अशक्त सिग्नल सोडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारण्याचं. फक्त जोरकस केंद्रं पकडणारं 'लोकल' किंवा 'एलओसी' असेल तर तेही बंद. आणि फोनची फ्रिक्वेन्सी प्रीसेटवर टाकून ठेवा, म्हणजे चालत्या गाडीत बटणं फिरवायची वेळ येणार नाही.

७. आवाजाची पातळी

फोनमधून आवाज बारीक सोडायचा आणि स्टिरिओवर मोठा करायचा, ही सवय महागात पडते. एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी लहर जास्त झुलते आणि खरखर तितकी मागे राहते. तेव्हा फोनचं व्हॉल्यूम हलवून बघा. फरक पडत असेल तर ते वर न्या आणि आवाज फाटायला लागला की थोडं खाली घ्या. इक्वलायझरवर 'बास बूस्ट' ठेवला असेल तर तो काढा. बास आधी फाटतो आणि बाकीच्या गाण्याला घेऊन बुडतो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली मुळातच हळू असतात. त्यांची पातळी संगणकावर एकसारखी करून घेतलीत तर प्रत्येक गाण्याला हात पुढे करावा लागत नाही.

८. खरखर दुसरीकडूनही येते

सगळं नीट केलं तरी आवाज घाण असेल तर संशय गाडीतल्या इतर वस्तूंवर घ्या. स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि नंतर बसवलेले एलईडी दिवे एफएम पट्ट्यात भरपूर कचरा सोडतात. एकेक बंद करत जा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी किरकिर असेल तर गडबड गाडीच्या वायरिंगमध्ये आहे, फोनला तिचा पत्ताही नाही. ती इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मध्येच 'टिटिटिट् टिटिटिट्' असा ओळखीचा आवाज येत असेल तर तो टूजी नेटवर्कचा. फोन टॉवरशी ठेक्यात, सेकंदाला २१७ वेळा बोलतो आणि ते स्पीकरमध्ये उतरतं. जुना फोन फक्त गाण्यांसाठीच वापरत असाल तर त्यातलं सिम काढून टाका. बॅटरीही जास्त टिकेल.

९. पॉवर वाढवायच्या फंदात का पडू नये

एन९०० मध्ये सिलिकॉन लॅब्जची एसआय४७१३ ही चिप आहे. तिची पातळी ८८ ते ११५ डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) बदलता येते आणि फोनची माएमो प्रणाली लिनक्सवर चालत असल्यानं हौशी लोकांनी ती वर चढवायच्या युक्त्या काढल्या. पण दुप्पट अंतर गाठायला चौपट, म्हणजे ६ डेसिबल जास्त ताकद लागते. चिपमधून मिळणारी वाढ मर्यादितच असते, फोन एक हात जवळ नेलात तरी पुष्कळ मिळतं. शिवाय या सोयीला जी मुभा आहे ती तिच्या नगण्य ताकदीमुळेच. परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करायला भारतात कायद्याची परवानगी नाही. बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर लावून सोसायटीभर गाणी ऐकवायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडून द्या.

इतकं करूनही मुंबईच्या मध्यभागी किंवा एखाद्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या पायथ्याशी रोजचा रस्ता असेल, तर फोन तिथे हरणारच. अशा वेळी स्टिरिओला कॅसेटची फट असेल तर कॅसेट अ‍ॅडाप्टर घ्या. लाइटरच्या सॉकेटमध्ये बसणारा वेगळा ट्रान्समीटरही मिळतो. त्यालाही फ्रिक्वेन्सी वरच्याच पद्धतीनं शोधावी लागते, पण निदान चार्जिंगची चिंता नसते. आणि स्टिरिओ कधी बाहेर काढलाच, तर मागे ऑक्सची किंवा सीडी चेंजरची मोकळी पिन आहे का, ते मेकॅनिकला विचारून घ्या.

तोवर एक चिठ्ठी सन व्हायझरला लावून ठेवा: पुणे अमुक, लोणावळा अमुक, पनवेल अमुक. नवीन केंद्रं येत राहतात, म्हणून आकडे पेन्सिलीनंच लिहा.